केळकर म्युझियम, सात मुलं आणि एक वज्री

मागच्या महिन्यात तीन रविवार मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून एक छोटं डिजिटल आर्टचं वर्कशॉप घेतलं. मुलं सात, आठवी ते दहावीतली, काही आमच्या सोसायटीतली आणि काही तिच्या भाच्याच्या वर्गातली. पहिल्या रविवारी सगळ्यांना टॅब, लॅपटॉप घरीच ठेवायला सांगितले आणि नुसती पेन्सिल-वही घेऊन पुण्यात बाजीराव रोडला राजा केळकर म्युझियममध्ये नेलं. पोरांची तोंडं एवढीशी झाली. एक जण म्हणाला, ताई हे तर आम्ही चौथीत सहलीला पाहिलंय.

हे मी मुद्दाम केलं होतं. या मुलांचा हात खरंच चांगला आहे, फोनवर आयबिस पेंट या चित्रकलेच्या ॲपमध्ये बोटाने जे काढतात ते मला त्या वयात कागदावरही जमलं नसतं, पण बहुतेक सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रावरून आलेलं असतं. समोर वस्तू ठेवून तिच्याकडे अर्धा तास बघत बसायची सवयच नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्राचा पेपर असतो खरा, पण तिथेही तांब्या आणि खालच्या कापडाच्या घड्या पाठ करून जाणारी मुलं मी खूप पाहिलीत.

आणि त्यासाठी केळकर म्युझियमसारखी जागा नाही. काकासाहेब केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, साधारण 1920 पासून गावोगाव फिरून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, दिवे, अडकित्ते, कुलुपं, स्वयंपाकाची भांडी, फण्या, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. हे सांगितलं तेव्हा सगळे एकदम शांत झाले. मग मी म्हटलं प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, दुसरीकडे बघायचं नाही.

नववीतल्या एका मुलाने मोराचा अडकित्ता निवडला आणि एका मुलीने वज्री. वज्री म्हणजे काय हे सातांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आंघोळीच्या वेळी पाय घासायची पितळी वस्तू, वर छान पक्षी-प्राणी आणि खाली खडबडीत तळ. त्या मुलीने बाहेर आल्या आल्या सासवडला आजीला फोन लावला तर आजी म्हणाली अगं आमच्या न्हाणीत होती की, तुझ्या पणजीची, मोडीत घातली.

दुसऱ्या रविवारी मैत्रिणीच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडले. आम्ही क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरलं कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. पेन टॅब्लेट, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने चित्र काढायच्या पाट्या, दोनच होते त्यामुळे पाळ्या लावल्या. खालच्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, वहीतल्या स्केचचा फोटो, त्याची ओपॅसिटी कमी म्हणजे तो फिकट, वर नवीन लेयरवर लाइन, त्याच्या खाली रंग, सावलीला वेगळी लेयर मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद होतो, एवढं शिकवायला एक तास पुरला, हे पोरांना लगेच येतं.

आता अडकित्तावाल्याचं सांगते. त्याने सिमेट्री टूल चालू केलं, अर्धा अडकित्ता काढला की दुसरा अर्धा आपोआप, वर स्टॅबिलायझर फुल म्हणजे रेष एकदम गुळगुळीत. पाच मिनिटांत झालं आणि दिसायलाही मस्त, पण तो स्वतःच बघत बसला. म्हणाला, ताई हा स्टिकर झाला. वही उघडली तर स्केचमध्ये डावा मोर जरा खाली वाकलेला आणि त्याची चोच उजव्यापेक्षा बोथट, म्हणजे त्याने म्युझियममध्ये ते बघितलं होतं, टिपलंही होतं. त्याने सिमेट्री बंद केली, स्टॅबिलायझर कमी केला आणि तासभर ती एक बोथट चोच काढत बसला. इतक्या वेळा अनडू केलं की मला वाटलं आता कंटाळून सोडेल, पण नाही सोडलं. मला त्या तासाचं खूप अप्रूप वाटलं.

तिसऱ्या रविवारी प्रिंट आणायचे होते आणि तिथे माझी चूक झाली. कॅनव्हासचा साइज सगळ्यांना नीट सांगायचा राहून गेला. ए फोर छापायचं तर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, दोघांनी स्क्रीनच्या मापावरच काढलं होतं, त्यांचे प्रिंट फुटले. शिवाय स्क्रीनवर झळाळणारं पितळ सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, मातकट आलं. त्या दोघांची तोंडं बघवेनात. आधी एक टेस्ट प्रिंट काढायलाच हवी होती, पुढच्या वेळी दुसऱ्याच रविवारी काढणार.

पण पुढची वेळ म्युझियमच्या आतच व्हावी असं मला फार मनापासून वाटतं. केळकर म्युझियमच्या संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे 2,500. बाकीच्या पेट्यांमधल्या दहा वस्तू जरी कुणी जाणकाराच्या देखरेखीखाली टेबलावर ठेवल्या, दोन-चार लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट दिले, तर पेठांमधल्या शाळांची मुलं चालत येतील. ज्यांच्या घरी टॅब नाही त्यांनाही मिळेल. हे लिहून रीतसर पत्र द्यायचं आम्ही ठरवलंय, कुणाला यात मदत करायची असेल तर जरूर सांगा.

वज्रीवाल्या मुलीचं चित्र अजून अर्धंच आहे. काचेमागे वस्तू असल्यामुळे तिला तळ दिसलाच नव्हता, आणि नेटवरचा फोटो बघून काढ म्हटलं तर नको म्हणाली. तिच्या फाइलमध्ये एक लेयर रिकामी आहे, तिला नाव दिलंय ‘खालची बाजू’.