कान्हेरीची उतरण : नोंद सातवी

डिसेंबरपासून दर रविवारी पहाटे ठाण्यातल्या उपवनहून येऊरच्या डोंगरावरच्या नाक्यापर्यंत, पुढे पाटोणपाडा आणि परत, असा ट्रेकचा सराव चालू आहे. चढताना आता दम लागत नाही. खरी अडचण उताराची आहे. उजवा गुडघा उतरताना आतून धरतो. म्हणून या रविवारी मुद्दाम उतरणीसाठी कान्हेरीची बौद्ध लेणी ठरवली.

येऊर आणि कान्हेरी एकाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात, पण मधलं जंगल बिबट्यांचं आहे आणि परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. मी घोडबंदर रोडने बोरिवली गाठली. (सोमवारी उद्यान बंद असतं, तो वार टाळा.) दारापासून लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटर डांबरी रस्ता. बस मिळते, तरी मी चालतच गेलो. पाय आधी तापलेले बरे. कडेला कारवीचे वाळके दांडे उभे होते. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०२४ला ती फुलून गेली, आता बहर २०३२ला.

लेणी १०९ आहेत. तीन नंबरच्या चैत्यापाशी, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या दालनापाशी, गर्दी थांबते, आपण वर जायचं. वरच्या कातळावर बोटभर रुंदीचे पन्हाळ कोरलेत. पावसाचं पाणी त्यांतून थेट लेण्याशेजारच्या टाक्यात उतरतं. इथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. फेब्रुवारी असूनही एका पोढीत पाणी होतं, वर शेवाळाची हिरवी साय. आजूबाजूचा कातळ हाताला चटका देत होता. मी तिथे अर्धा तास बसलो. इतक्या वर्षांपूर्वी कुणी तरी पावसाचा थेंब न् थेंब कुठून वाहील ते पाहून छिन्नी चालवली, हे तिथे बसूनच कळतं.

मग उतरण. आजवर मी टाच आपटत, गुडघा ताठ ठेवून उतरायचो. या वेळी पाऊल पायरीवर तिरकं, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी खालच्या पायरीवर आणि मग पाय. आधी चाल फार मंद वाटली, पण पन्नासेक पायऱ्यांनंतर लय बसली आणि गुडघा गप्प राहिला. मला खरंच फार बरं वाटलं.

पायथ्याजवळ मात्र डाव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटून फटफटायला लागला. बूट जुने, दोन पावसाळे माळ्यावर पडून होते. दमट हवेत पडून राहिले की आतला फोम भुसभुशीत होतो. जास्तीची नाडी तळव्याखालून घेऊन घट्ट आवळली. उरलेला रस्ता तेवढ्यावर निभावला. पडून असलेले बूट ट्रेकला नेण्याआधी दोन्ही हातांनी वाकवून पाहा, चिरा लगेच दिसतात.

सोमवारी सकाळी गुडघ्याला सूज नव्हती. पोटऱ्या तेवढ्या भरून आल्या होत्या.

पुढचा रविवार येऊरलाच, नव्या बुटांवर, पाठीवर लिटरच्या चार बाटल्या घेऊन.