बाबांच्या मारुतीचे तीन प्लग

जुलैभर गाडी फारशी बाहेर निघाली नव्हती. निघाली तरी लालबागहून दादर, आईला फिजिओथेरपीला सोडायचं आणि परत. तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. ऑगस्टमध्ये एके सकाळी चोक ओढून गाडी चालू केली तर ती थडथडायला लागली. मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही. बाबांची १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, तीनच सिलिंडरची. त्यातला एक जरी नीट पेटला नाही तरी स्टिअरिंगपर्यंत हादरा जाणवतो.

गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, "तिन्ही प्लग बदला." म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग. नवे प्लग काही महाग नसतात, पण नेमकं बिघडलंय काय हे मला कळायला हवं होतं. शेजारच्या काकांनी भायखळ्याला तीस वर्षं गॅरेजात काम केलंय. त्यांच्याकडून प्लगपाना मागून आणला.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढले तर आटे जायची भीती. वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहिलं, कारण अदलाबदल झाली तर ठिणगी भलत्याच सिलिंडरला जाते. मग सायकलच्या पंपाने प्लगच्या भोवतीची धूळ उडवली. हे विसरू नका. प्लग निघाला की तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले आणि मी लगेच तारेचा ब्रश घेऊन पहिला घासायला बसले. दोन मिनिटांत तो चकचकीत झाला. काका खाली आले, तो हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अगं, आधी बघायचं, मग घासायचं. आणि हे बघ काय केलंस." मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढाव्यात तशा करड्या रेघा उमटल्या होत्या. तारेचा धातू. ठिणगीने टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या, म्हणजे धातूच्या दांड्यांमधल्या, फटीत उडी मारायची, तर वीज त्या रेघांवरूनच निसटून बॉडीला जाते. घासून घासून मी प्लग बिघडवला होता. तो बादच केला.

उरलेले दोन मग नीट पाहिले. दुसऱ्यावर कोरडी काळी काजळी होती, बोटाला लागणारी. पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी तापतच नाही, असा तिचा अर्थ. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळतं. दादरच्या फेरीत ते तिथवर पोचत नव्हतं. तिसरा मात्र ओला, काळा आणि तेलकट. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "हा साफ होईल गं, पण पुन्हा असाच होणार. आत तेल उतरतंय."

दोन्ही प्लगची टोकं गॅलरीत, गॅसपासून लांब, झाकणभर पेट्रोलमध्ये भिजवली आणि जुन्या टूथब्रशने साफ केली. ब्रश नायलॉनचा, त्यामुळे रेघ उठत नाही. आटेही त्यानेच घासले. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. बारीक कानस दोन-तीनदा आडवी फिरवून त्या पुन्हा सरळ केल्या, कारण ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते. (इरिडियमच्या प्लगला यातलं काहीही करू नका, त्याचं टोक फार नाजूक असतं.) वाळल्यावर चिनी मातीला तडा नाही ना हे भिंगातून पाहिलं.

मग फट. फट मोजायच्या फिलर गेजची ०.८ मिलिमीटरची पट्टी दोन्हींत सैल जात होती. बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड लाकडी पाटावर हलकेच ठोकून पट्टी किंचित अडत सरकेल इतकी फट आणली. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन पक्कड लावायची नाही, तिथेच चिनी माती तडकते.

पहिल्याच्या जागी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून त्याच नंबरचा नवा आणला. बसवताना प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचला आणि बोटांनीच फिरवला. आटे वाकडे धरले तर नळी हातात घसरते, जोर लागत नाही. हाताने पुरता बसल्यावर पाना लावला. जुन्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला पाव फेऱ्याहून कमीच पुरे. नव्याला अर्धा फेरा दिला.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. थडथड नाही. आई खिडकीतून बघत होती, तिला हात केला.

गणपती झाल्यावर प्लग पुन्हा काढून पाहिले. मधे दोन रविवार मुद्दाम ठाण्यापर्यंत गाडी पळवली होती. पहिले दोन मारीच्या बिस्किटासारखे कोरडे, तपकिरी. तिसरा काकांनी सांगितल्याप्रमाणे परत तेलकट. या वेळी गॅरेजात प्लग बदला म्हटलं नाही, वॉल्व्ह सील, म्हणजे तेल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरी सीलं, बघा म्हटलं. जुनी सीलं त्यांनी मला दाखवली. रबर इतकं कडक झालं होतं की नखाने दाबल्यावर तुकडा पडला.