चातुर्मासातली घोडी: नागपूरची दोन दिवसांची फेरी

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून तालात चाली करून घ्यायचा खेळ) संघानं सुवर्ण जिंकलं, त्यात इंदूरची सुदिप्ती हजेला होती. तेव्हापासून माझ्या अकरावीतल्या भाचीच्या डोक्यात घोडा शिरलाय. "मामा, इंदूरची पोरगी करते तर वर्ध्याची काऊन नाई?" या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. ताई म्हणाली, तूच लाडावलीस, तूच दाखवून आण. म्हणून ऑगस्टच्या शेवटी शुक्रवार-शनिवार धरून आम्ही दोघं वरातीच्या घोड्यांची पागा, जनावरांचा दवाखाना आणि रायडिंग क्लास बघायला नागपूरला गेलो.

कुणाला अशीच फेरी मारायची असेल तर चातुर्मासातच मारा. लग्नसराईत घोडीवाल्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि घोडीही नटलेली दिसते. मुहूर्त बंद असताना ती कशी जगते, खरं बघायचं ते हेच. दुसरं म्हणजे पागेचा पत्ता हवा तर बँडवाल्याला विचारा. बँड, घोडी, बग्गी, डोक्यावरचे दिवे, सगळं एका फोनवर ठरतं. पैसेही त्याच वाटेनं येतात, म्हणजे घोडीवाल्यापर्यंत पोचेस्तोवर बरेच हात फिरून.

आम्ही बघितलेली पागा नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीच्या टोकाला होती. पत्र्याचं छप्पर, तीन घोड्या, ताडपत्रीखाली झाकलेली बग्गी. मालक साठीचे. बसायला बादली उलटी करून दिली आणि थेट हिशोबावर आले. "लग्नाचे दिवस बोटावर मोजा जी, खाणं कॅलेंडरवर. लोकायचे उपास असतात, घोडीले चातुर्मास नाई."

साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो, वर चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा आणि चोकर (गव्हाचा कोंडा). पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मुहूर्त संपले की पहिली कात्री लागते ती हरभऱ्याला. मग चाऱ्याची कुट्टी कमी होते आणि फासळ्या दिसायला लागतात. त्यांच्या तिघींपैकी एकीच्या दिसत होत्या. त्यांनी ते लपवलं नाही. "हिची पाळी पुढच्या महिन्यात," एवढंच म्हणाले. म्हणजे विकायची. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं, हे मला सांगता आलं नसतं.

दहाच्या सुमारास नाल ठोकणारा नालबंद स्कूटरवर आला. यासाठी मात्र थांबाच. त्यानं घोडीचा पाय मागून उचलून दोन्ही गुडघ्यांत धरला, जुना नाल उचकटला, मग वाकड्या सुरीनं खूर सोलायला घेतलं. पांढऱ्या चकत्या खाली पडत होत्या, नारळाच्या खोबऱ्यासारख्या. तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या फटीत सुरीचं टोक गेलं आणि सडलेल्या भाजीसारखा भपकारा आला. भाची दोन पावलं मागं गेली. पावसाळाभर चिखलात आणि लिदीत उभं राहून खूर कुजलं होतं. नालबंद मालकाकडे न बघताच म्हणाला, "तीन महिने झाले दादा." खूर महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतं, सहा ते आठ आठवड्यांत पाय बघायलाच हवा. मालकांचं म्हणणं, बोलावलं तर हा येत नाही. त्याचं म्हणणं, मी एकटा किती गावं फिरू?

दोघंही खरंच बोलत होते. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९ मध्ये तीन लाख चाळीस हजार उरले. घोडे कमी झाले तसे नालबंदाचे पोरगे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. आता जेवढे घोडे आहेत तेवढ्यांनाही हात पुरत नाहीत. भाचीनं दर विचारला, त्यानं सांगितला. ती मनातल्या मनात गुणाकार करताना दिसली.

एक सावधगिरी. नाकातून घट्ट शेंबूड येणाऱ्या किंवा अंगावर गाठी, जखमा असलेल्या घोड्याला हात लावू नका. ही ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं असू शकतात, आणि तो माणसालाही होतो. विकत घ्यायची असेल तर रक्ततपासणीचा कागद आधी बघा. या चाचण्यांची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. कागद नसेल तर भाव कितीही पाडून मिळो, परत फिरा. रोग पक्का निघाला तर कायद्यानं जनावर मारावं लागतं.

दुपारी शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लासला गेलो, आणि इथं मी फसलो. ट्रायलचे पैसे फोनवरच भरून बसलो होतो. घोड्यावर खोगीर होतं, खाली जाड कापड. भाचीनंच ते उचलून बघितलं. पाठीच्या कण्यावर रुपयाएवढी ओली जखम. आम्ही बसणार नाही म्हटलं, तर पैसे परत नाहीत. तेव्हा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी करा: खोगीर काढून पाठ बघा, तोंडातला लगाम बघा (काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी बंद आहे), आणि सावलीत पाणी भरलेलं आहे का बघा. त्याच नियमांत पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं बारा ते तीन जनावराला गाडीला जुंपू नये, असंही आहे. नागपुरात मे महिन्यात ३७ तर सकाळीच होतात!

तिथला उस्ताद मात्र भला माणूस. पूर्वी पुण्याला रेसच्या तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, होता. भाचीनं नोकऱ्यांचं विचारलं तर म्हणाला, देशात घोड्याचा मोठा पैसा रेसमध्येच, पण तिथं वजन हलकं लागतं आणि पडायची तयारी. आता पैजेच्या पूर्ण रकमेवर कर बसतो, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. "कर तिकिटावर, पोट आमचं," असं म्हणून तो हसला.

शनिवारी जनावरांचा दवाखाना बंद असेल म्हणून सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शुक्रवारी सकाळीच गाठलं होतं, पागेच्या आधी. तुम्हीही तसंच करा, आठला पोचा. महाविद्यालय १९५८ चं आहे. बाहेर कुत्री, शेळ्या, एक वासरू. दीड तासात घोडा एकही आला नाही. इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीनं पाच मिनिटं दिली: बारावीला जीवशास्त्र, मग 'नीट' प्रवेशपरीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी. पदवीनंतर लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्येही डॉक्टर म्हणून जाता येतं, हे भाचीला तिथंच पहिल्यांदा कळलं.

शनिवारी परतण्याआधी महालात तर्री पोहे खाल्ले. बाजारात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी मांडले होते. भोसल्यांच्या वाड्याकडे जाता जाता मी तिला शिलेदार आणि बारगीर समजावून सांगितलं: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. ती म्हणाली, "मग आपले घोडीवाले शिलेदार, उस्ताद बारगीर." जरा थांबून म्हणाली, "आणि नालबंद दोघांचाही नाही."

कपड्यांचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात गमबूट घाला, छत्री नको, घोडी बुजते, रेनकोट घ्या. गूळ द्यायचा तर मालकाला विचारून, तळहात सपाट ठेवून. आमची पिशवी परतीच्या गाडीत लिदीच्या वासानं भरली होती. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला, आणि भाचीनं पिशवीतून नालबंदानं दिलेला झिजलेला नाल काढून त्यांना दाखवला.