ट्रेल नसलेला गाऊन

माझे लग्न येत्या जानेवारीत वसईला, आमच्याच पॅरिशच्या चर्चमध्ये आहे. पांढरा गाऊन घालायचा हे गृहीतच होते. वाद झाला तो ट्रेलवरून, म्हणजे गाऊनच्या मागे जमिनीवर पसरणाऱ्या त्या लांब घोळावरून. ट्रेलवाचून नवरी नवरीसारखी दिसत नाही, असे मम्मीचे ठाम मत होते. तिने स्वतःचा गाऊन पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. तो उलगडला तेव्हा ट्रेलच्या एका कडेला तांबूस डाग दिसला. चर्चच्या अंगणातली माती लेसमध्ये इतकी मुरली आहे की अनेकदा धुऊनही ती निघाली नाही. त्या दिवशी आपले सगळे लक्ष मागेच होते, आल्यागेल्याशी धड बोलताही आले नाही, हे मम्मीने मला प्रथमच सांगितले.

१९८१ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये लग्नाच्या वेळी राजकुमारी डायनाचा २५ फुटांचा ट्रेल सांभाळायला मागे करवल्या होत्या, तरीही बग्गीतून येताना गाऊनचे तॅफेटा हे रेशमी कापड चुरगळलेच. याउलट १९५४ मध्ये स्वित्झर्लंडला लग्न करताना हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्नने घातलेला पोशाख पोटरीपर्यंतच होता, आणि त्या छायाचित्रांतला तिचा मोकळेपणा मला फार आवडतो. मलाही वेदीपाशी गुडघे टेकून कुणाच्या मदतीवाचून उठायचे आहे, आणि संध्याकाळी पप्पांबरोबर नाचायचे आहे.

ट्रेल नसला की शिवणकाम सोपे होईल, हा माझा समज मात्र शिवणाऱ्या आंटींनी दूर केला. मागे घोळ नसल्याने पाहणाऱ्याची नजर थेट खालच्या कडेवर जाते आणि तिथला थोडासा उंचसखलपणाही उठून दिसतो. म्हणून त्यांनी मला लग्नातल्याच सँडल घालून उभे केले आणि स्वतः जमिनीवर बसून, तोंडात टाचण्या धरून, पट्टीने मोजत जमिनीपासून अर्धा इंच वर खुणा केल्या. कड डौलदार राहावी म्हणून आतून कडक जाळीची पट्टी लावायची आहे.

अखेर मम्मीने एक मार्ग काढला. चर्चमध्ये डोक्यावरची वेल, म्हणजे नवरीची जाळीदार ओढणी, लांब असेल, तिला मम्मीच्या गाऊनची लेस लागेल, आणि रिसेप्शनला ती काढून ठेवता येईल. काल तिने स्वतःच कात्री घेऊन लेस उसवली. डागाचा तुकडा मात्र वेगळा काढून, घडी घालून पेटीत परत ठेवला.