पालकाचे चार वाफे आणि चुन्याची पोती

आमची सव्वा एकर जमीन रायगड जिल्ह्यात, नाल्याला लागून. वरच्या अंगाला कारखाने येऊन बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात भात, भात निघालं की वाल, मुळा, माठ, पालक. मार्चनंतर विहीर तळ गाठते, तेव्हा आम्ही नाल्यावर पंप लावायचो. पाण्याला वास होता, पण पालक हिरवागार यायचा, म्हणून मनात कधी शंका आली नाही.

मृदा आरोग्य पत्रिका होती घरात. तिच्यात 12 गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू (म्हणजे pH, तो जितका कमी तितकी माती आंबट) वगैरे. कॅडमियम, शिसं असे विषारी धातू त्यात नसतात, हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं. तो दापोलीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकतो. त्यानं माती आणि पालक दोन्ही खासगी प्रयोगशाळेत पाठवायला लावलं. नमुना काढताना गंजकं खुरपं, पत्र्याचं घमेलं वापरू दिलं नाही. लाकडी काठी आणि प्लास्टिकची बादली. दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो दिली.

अहवाल आला. मातीचा सामू 5.4. पालकात किलोमागे 0.31 मिलिग्रॅम कॅडमियम. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, मर्यादा 0.2 आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. ही भाजी मी नाक्यावर विकली होती, नातवंडांना खाऊ घातली होती. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि कित्येक वर्षं तिथून जात नाही. भाजी कितीही धुतली तरी उपयोग नाही, कारण ते पानाच्या आत असतं. दुसऱ्या दिवसापासून विक्री बंद केली.

"आत्या, नाल्यानं विष आणलं, पण ते मुळाला सोपं करून दिलं खतानं," भाचा म्हणाला. आम्ही अमोनियम सल्फेट भरपूर टाकायचो. त्यातल्या अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं, शिवाय मूळ अमोनियम घेताना स्वतःभोवतीची माती आणखी आंबट करतं. आमची जांभा जमीन मुळातच आम्ल. सामू उतरला की मातीच्या कणांना धरून बसलेलं कॅडमियम पाण्यात उतरतं. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाश खतातलं क्लोराइडही त्याला विरघळलेलं ठेवतं. म्हणजे पालक तरारावा म्हणून जे घालत होतो, त्यानंच पानात जास्त विष चढत होतं. स्फुरद खताच्या दगडातही थोडं कॅडमियम असतं, ते निराळंच.

मग नाल्यावरचा पंप काढला आणि दिवाळीनंतर चार वाफे आखले. दोन जुन्याच पद्धतीचे. उरलेल्या दोनांत सामू चढावा म्हणून महिनाभर आधी शेतीचा चुना मिसळला, कुजलेलं शेणखत घातलं, थोडं झिंक सल्फेट दिलं, कारण जस्त आणि कॅडमियम मुळाशी एकाच वाटेसाठी झगडतात. पोटॅश सल्फेटच्या रूपात दिलं, युरिया थोडा थोडा. दुकानदार चुन्याऐवजी जिप्सम देत होता. ते घेतलं असतं तर हंगाम फुकट गेला असता, जिप्समनं सामू चढत नाही. चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

जुन्या वाफ्यांत पालकात 0.28 निघालं, चुन्याच्या वाफ्यांत 0.16. मी तो कागद तीनदा वाचला. तरी ती भाजी ना विकली, ना गुरांना घातली. चुन्यानं कॅडमियम नाहीसं होत नाही, फक्त बांधलं जातं. सामू पुन्हा उतरला की सुटणार. म्हणून दरवर्षी सामू तपासते.

माझं बघून कुणी लगेच चुन्याची पोती आणू नयेत, आधी आपल्या मातीत काय आहे ते तपासा. शिसं असेल तर स्फुरद त्याला घट्ट बांधतं, पण आर्सेनिक असेल तर तेच स्फुरद त्याला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू आधीच वर असतो, तिथे चुन्याचं काही काम नाही.

नाल्याकडच्या पट्ट्यात आता पालेभाजी घेत नाही. भेंडी आणि दुधी लावलेत. पानापेक्षा फळात कॅडमियम कमी उतरतं. पहिल्या तोड्याची भेंडी आधी प्रयोगशाळेत गेली आहे. अहवाल येईपर्यंत नाक्यावर फक्त विहिरीकडच्या तुकड्यातले वाल नेते.