माझा दादा दारू पीत नाही

आज गणपत गल्लीत फिट येऊन गेल्यावर दादा भांबावून बसला होता तर मागून कुणीतरी म्हणालं पिऊन पडलाय. लई वाईट वाटलं. त्याला लहानपणापासून फिट येते आणि शिकायला-समजायलाही वेळ लागतो, म्हणून फिटनंतर काय होतंय ते त्याला पटकन सांगता येत नाही, शब्दच सापडत नाहीत.

कोण कांदा हुंगवायला आलं, कोण चप्पल, एक काका तोंडात चमचा घालूलालते, मी ओरडलेच, काही घालू नका हो, दात तुटतील. डोक्याखाली ओढणी ठेवली, झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. मोबाईलवर वेळ बघत होते, कारण ५ मिनिटांच्या वर गेली की सरळ दवाखाना गाठायचा. त्याआधीच थांबली, देवाची कृपा.

आणि डॉक्टरसुद्धा माझ्याकडंच बघून बोलतात. अहो त्याला विचारा की! फिट यायच्या आधी पोटात कसंतरी होतं हे मला त्यानंच बोट ठेवून दाखवलंय.

गोळ्यांच्या पाकिटावरचं त्याला वाचता येत नाही, म्हणून डबीवर सूर्य-चंद्र काढून दिलेत, सकाळची सूर्याची, रात्रीची चंद्राची. स्वतःच्या हातानं घेतो. खानापूरची आत्या म्हणाली गोळ्या सोड, देवऋष्याकडं जाऊया. गोळी एकदम बंद केली की फिट वाढते, जिवावरपण बेतू शकतं. मी बोलायच्या आधी दादाच म्हणाला, "नको. माझी गोळी हाय."