तुम्ही विचारलेत म्हणून : बक्षिसांचा निधी वेगळा कशासाठी?

सर्वांना खुले असणारे मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आमच्या संस्थेच्या खात्यात देणग्या जमा असताना संस्थेचा टी-शर्ट विकत का घ्यावा लागतो आणि स्पर्धेच्या बक्षिसांसाठी दर वेळी वेगळे आवाहन का केले जाते, असे खजिनदार म्हणून मला सतत विचारले जाते. त्यात कंजूषपणाचा आरोप असतो, कधी त्याहून वाईट शंकाही असते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

टी-शर्टांचे कारण साधे आहे. एकगठ्ठा छापले तर नग स्वस्त पडतो, पण मधले साईज संपतात आणि उरलेले कुणा स्वयंसेवकाच्या घरी खोक्यांत पडून राहतात; मागणीनुसार छापले तर माल अडकत नाही, पण संस्थेच्या हाती फारच थोडे लागते. परदेशी पाठवलेल्या पार्सलवर सीमाशुल्क लागले, तर भेट मिळालेल्या माणसालाच पैसे भरावे लागतात. स्टिकर साध्या पाकिटातून जातात, आणि ते मी कधीही अडवलेले नाहीत.

बक्षिसांचे दुखणे वेगळे आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषांतर स्पर्धेची सगळी रक्कम एका कंपनीने मान्य केली होती आणि त्या भरवशावर आम्ही बक्षिसे जाहीर केली होती. निकाल तोंडावर आला तेव्हा कंपनीने सर्व स्पर्धकांचे ईमेल पत्ते मागितले. तसे काहीही ठरलेले नव्हते, त्यामुळे समितीने एकमताने नकार दिला आणि कंपनीने हात वर केले. आता एक तर जाहीर केलेली बक्षिसे रद्द करायची, नाही तर चाचण्यांच्या नव्या सर्व्हरसाठी राखलेली रक्कम वापरायची, एवढेच उरले. जुना सर्व्हर वारंवार बंद पडत होता आणि तो सांभाळणारा सहकारी रात्री-अपरात्री उठून तो पुन्हा चालू करत होता. त्याने बैठकीत शांतपणे विचारले, "देणगीदारांना आधी विचारलं असतं, तर किती जण हो म्हणाले असते?" कुणीच बोलले नाही. मतदान झाले, बक्षिसे दिली गेली, आणि काही आठवड्यांनी त्याने सगळे पासवर्ड व्यवस्थित सोपवून संस्था सोडली.

मी बक्षिसांच्या बाजूने मत दिले होते आणि आजही तेच देईन, कारण लोकांनी आमच्या शब्दावर काम केले होते. तरीही त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही. त्यानंतर एवढे मात्र ठरले की बक्षिसांचे पैसे स्वतंत्र शीर्षाखाली प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय घोषणा करायची नाही.

मग स्पर्धाच बंद करा, असे काही जण सुचवतात. एके काळी हे मीच म्हणत असे आणि हॅक्टोबरफेस्टचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या दर ऑक्टोबरच्या उपक्रमाचा, दाखला देत असे : 2020 मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (प्रकल्पात बदल सुचवणाऱ्या विनंत्यांचा) एवढा पूर आला की ऐन ऑक्टोबरमध्ये नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून संमती दिली तेवढ्यांतलेच काम धरावे लागले, 2023 मध्ये तर टी-शर्ट देणेच थांबवले गेले होते. तो दाखला खोटा नाही. पण आमच्या त्या स्पर्धेतल्या दोन विजेत्या आज अख्खे भाषांतर सांभाळतात, आणि बक्षीस नसते तर त्या आल्या असत्या का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढच्या स्पर्धेचा निधी अजून अपुरा आहे. तो जमेपर्यंत घोषणा होणार नाही, कितीही वेळा विचारले तरी.